मोटारीच्या इंजिनाचा कायाकल्प

मोटार ही वस्तु आतां आमच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांसही परकी राहिलेली नाहीं. घरांतील वडील मंडळी तिच्याकडे सोयीच्या दृष्टीनें पाहतात. तरुण मंडळींची दृष्टि मात्र निराळी असते. गाडी चालते एवढ्यानें त्यांचें समाधान होत नाहीं. ती याहून अधिक जोरानें कां पळूं नये, असा प्रश्न त्यांना पडतो, आणि मग इंजिन उघडून आंतले भाग बदलले कीं शक्ति दुप्पट होते, अशा गोष्टी जेवतांना निघूं लागतात. वडिलांस त्या पोरकट वाटतात, तरुणांस वडिलांची काळजी जुनाट वाटते, आणि इंजिनाच्या पोटांत काय चालतें ह्याचा विचार बहुधा दोहोंपैकीं कोणीच केलेला नसतो. म्हणून ह्या विषयाची थोडी फोड करून सांगावी असें आम्हीं योजिलें आहे. विषय मनोराज्याचा नव्हे. एका सामान्य घरगुती गाडीच्या ठोकळ्यावर रचलेल्या इंजिनानें मूळच्या आठपट काम दिलें, आणि जगांतील सर्वांत कठीण शर्यत जिंकली, असें घडलेलें आहे. तें कसें घडलें हें पाहिलें म्हणजे काय साधतें आणि काय साधत नाहीं, ह्या दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो.

शक्ति येते कोठून?

पेट्रोलचें इंजिन म्हणजे वस्तुतः हवा ओढणारा पंप होय. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें पावणेपंधरा किलो हवा लागते. पेट्रोल हवें तितकें ओततां येतें. अडतें तें हवेपाशीं. म्हणून शक्ति वाढविण्याचे ढोबळ मार्ग तीन : सिलिंडरची पोकळी मोठी करणें, एका मिनिटांत अधिक फेरे करवून घेणें, किंवा आहे त्याच पोकळींत हवा दाबून भरणें. तिसऱ्या मार्गाचें तत्त्व आमच्या खेड्यांतील लोहारास पूर्वींपासून ठाऊक आहे. कोळसा तोच, भट्टी तीच. पण भात्याचा वारा वाढला कीं लोखंड लाल होतें तें पांढरें होईतों तापतें. मोटारींतील 'टर्बो' म्हणजे असाच एक भाता; फरक इतकाच कीं तो ओढण्यास माणूस लागत नाहीं. इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त वायु एक लहान चक्र फिरवितो, व त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र ताजी हवा दाबून आंत कोंबतें.

हे तिन्ही मार्ग ऐकावयास सोपे आहेत. परंतु मोटेला दोन बैलांऐवजीं चार जोडले आणि नाडा मात्र जुनाच ठेवला, तर पाणी दुप्पट येण्याऐवजीं मोटच विहिरींत जाते. इंजिनाची गोष्ट नेमकी अशीच आहे. शक्ति बाहेरून घालतां येते. ती सोसण्याचें बळ मात्र आंतूनच आणावें लागतें, आणि तें आधीं आणावें लागतें. ह्या लेखाचें सारें सार एवढ्याच वाक्यांत आहे.

एका ठोकळ्याची हकीकत

१९५९ सालीं म्यूनिक येथील बीएमडब्ल्यू कारखाना विकला जाण्याच्या बेतांत होता. त्या संकटांतून वांचल्यावर त्यानें १९६१ च्या सप्टेंबरांत फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत एक नवी मध्यम आकाराची गाडी मांडली. तिचें नांव '१५००'. कुटुंबवत्सल गृहस्थानें बायकामुलांसह प्रवास करावा, अशी ती गाडी. इंजिन चार सिलिंडरांचें व १४९९ सी. सी. चें, आणि शक्ति ८० अश्वबळ. इंजिनाची योजना आलेक्स फॉन फाल्केनहाउसेन ह्या इंजिनिअरची होती. चालकांच्या मनांत प्रथम १३०० सी. सी. चें इंजिन होतें. फाल्केनहाउसेन ह्यांनीं १५०० चा आग्रह धरला, आणि पुढें वाढण्यास जागा राहील अशा बेतानें बिडाचा ठोकळा आंखला. ज्या दांड्यावर चारही सिलिंडरांचा भार येतो, त्या क्रँकशाफ्टला त्यांनीं पांच ठिकाणीं आधार दिले. त्या काळीं कित्येक चार-सिलिंडरी इंजिनें तीन आधारांवरच भागवीत असत. ८० अश्वबळासाठीं एवढ्या मजबुतीची गरज होती असें नाहीं. पण पाया घालतांनाच वरच्या मजल्यांचा विचार झालेला होता. पुढें ह्याच घाटाचें इंजिन जवळजवळ २००० सी. सी. पर्यंत वाढलें, आणि सुमारें पंचवीस वर्षांत त्याच्या ३५ लाखांच्या घरांत प्रती निघाल्या.

१९७३ सालीं ह्याच कुळांतील '२००२ टर्बो' ही गाडी विक्रीस आली. तिची शक्ति १७० अश्वबळ. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. सायकलच्या पंपाचें तोंड बोटानें दाबून धरलें आणि दांडा खालीं रेटला, कीं पंप तापतो. हवा आंवळली कीं तापते, हा तिचा धर्मच आहे. सिलिंडरांत आधींच दाबून भरलेली हवा पिस्टननें आणखी आंवळली, तर ती इतकी तापते कीं ठिणगी पडून आग क्रमानें पसरत असतां उरलेलें मिश्रण आपण होऊनच एकदम भडकतें. हा भडका म्हणजे ज्वलन नव्हे, घणाचा घाव होय. त्यानें पिस्टनला भोंकें पडतात. म्हणून ह्या गाडींत भाता जोडतांना पिस्टननें हवा आंवळण्याचें प्रमाण कारखान्यानें ६.९ पट इतकें खालीं आणिलें. अधिक घ्यावयाचें म्हणून आधीं थोडें सोडलें. ज्या उत्साही लोकांनीं साध्या इंजिनास नुसता टर्बो जोडला आणि ही गोष्ट विसरली, त्यांच्या पिस्टनांचा चुरा झाल्यास त्यांत नवल नाहीं.

पुढें १९८० च्या एप्रिलांत कारखान्यानें फॉर्म्युला वन शर्यतींत उतरण्याचें जाहीर केलें. त्या वेळच्या नियमाप्रमाणें साध्या इंजिनास ३००० सी. सी. ची, आणि हवा दाबून घेणाऱ्या इंजिनास १५०० सी. सी. ची मर्यादा होती. पाउल रोशे हे इंजिन-विभागाचे प्रमुख. त्यांनीं अगदीं नवा ठोकळा ओतविला नाहीं. घरगुती गाडीचाच बिडाचा ठोकळा घेतला. मजेची गोष्ट अशी कीं, '१५००' गाडीचें इंजिन १४९९ सी. सी. चें होतें आणि हें शर्यतीचें इंजिनही १४९९ सी. सी. चेंच झालें. परंतु आंतली मांडणी निराळी. पहिल्यांत सिलिंडरचा व्यास ८२ मिलिमीटर आणि पिस्टनची ये-जा ७१ मिलिमीटर; दुसऱ्यांत व्यास ८९.२ आणि ये-जा ६० मिलिमीटर. हा बदल कशासाठीं, तें पुढील हिशेबावरून कळेल.

पिस्टनवर येणारा हिसका

पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, आणि उलट फिरतो. ह्या उलट फिरण्यांत जो हिसका बसतो तो फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणें वाढतो. म्हणजे फेरे दुप्पट झाले कीं हिसका चौपट. उदाहरणादाखल चारशें ग्रॅम वजनाचा पिस्टन घेऊं. ७१ मिलिमीटर ये-जा असलेल्या इंजिनांत मिनिटास ५,७०० फेरे होत असतां वरच्या टोकाशीं तो आपल्या वजनाच्या सुमारें सोळाशें पट जोरानें सुटूं पाहतो. म्हणजे साडेसहाशें किलोंचें ओझें झालें. ६० मिलिमीटर ये-जा आणि ११,००० फेरे धरले, तर हाच आंकडा पांच हजार पटींवर जातो. चारशें ग्रॅमच्या तुकड्यास जणूं दोन टनांचें वजन लटकविलें, आणि तेंही सेकंदास १८३ वेळां! ये-जा ७१ मिलिमीटरच ठेविली असती तर हा बोजा आणखी वाढला असता. म्हणून ती आंखूड केली आणि व्यास वाढवून घनफळाची भरपाई केली.

हा झाला नुसत्या धांवण्याचा बोजा. त्यावर जळत्या वायूचा दाब निराळा. ८९.२ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचा माथा सुमारें साडेबासष्ट चौरस सेंटिमीटरचा; म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास दाब एक किलोनें वाढला तरी पिस्टनवरील भार साडेबासष्ट किलोंनीं वाढतो. एकंदरींत कनेक्टिंग रॉडची स्थिति अशी कीं, त्यास एका फेऱ्यांत कोणी ताणतो आणि दुसऱ्यांत कोणी चेपतो. घरगुती कामासाठीं बनविलेला रॉड हें फार वेळ सोसणार नाहीं.

आंतले भाग एकेक करून

प्रथम पिस्टन. साध्या गाडींत तो ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सांच्यांत ओतून केलेला असतो. जोराच्या इंजिनांत तो घडीव घालतात. म्हणजे तापलेल्या धातूचा गोळा प्रचंड दाबयंत्राखालीं ठोकून त्यास आकार देतात. ओतीव आणि घडीव ह्यांतील भेद आमच्या भगिनींस सांगावयास नको. बिडाचा तवा हातांतून फरशीवर पडला तर दुभंगतो. घडीव सांडशी पडली तर फार तर वांकते. मात्र घडीव पिस्टनाच्या कांहीं जाती तापल्यावर अधिक फुगतात, म्हणून सिलिंडरांत त्यांच्या भोंवतीं फट थोडी अधिक ठेवावी लागते, आणि थंडीच्या सकाळीं गाडी सुरू करतांच इंजिन खुळखुळल्यासारखें वाजतें. अर्थात् बळ मिळालें, पण शांतता गेली. ह्या धंद्यांत फुकट असें कांहींच मिळत नाहीं.

नंतर कनेक्टिंग रॉड. केंसांतील पिन एकदां वांकविली तर मोडत नाहीं. पण तीच इकडून तिकडे पुनःपुन्हां वांकविली तर पटकन् तुटते. धातूचा हा थकवा रॉडचा खरा शत्रु होय. तडा बहुधा एखाद्या बारीक ओरखड्यापाशीं सुरू होतो. म्हणून चांगला कारागीर घडीव पोलादाचा रॉड निवडतो, त्याचें अंग गुळगुळीत करतो, आणि मग त्यावर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा करवितो. ह्या माऱ्यानें धातूची कातडी आंतल्या आंत दाबली जाते आणि तडा उघडण्यास सहसा वाव मिळत नाहीं. रॉडचे बोल्ट तर ह्याहूनही महत्त्वाचे. ते नुसते 'घट्ट' आवळून भागत नाहीं. आवळतांना बोल्ट किती ताणला गेला हें मोजून पाहतात, कारण योग्य ताण हीच त्याची पकड असते.

तिसरा क्रँकशाफ्ट. जोराच्या कामास तोही घडीव पोलादाचा हवा. ही विद्या आम्हां महाराष्ट्रीयांस दूरची नाहीं. १९६१ सालीं स्थापन झालेला पुण्याचा भारत फोर्ज हा कारखाना घडीव क्रँकशाफ्टांसाठींच नांवाजलेला आहे. क्रँकशाफ्टच्या कोपऱ्याकोपऱ्यांत ताण सांठतो, म्हणून ते कोपरे टोंकदार न ठेवतां गोलाईनें घांसतात, आणि नायट्रोजनयुक्त वायूंत तापवून वरचा थर कठीण करतात. हा दांडा ज्या बेअरिंगांत फिरतो तेथें धातूस धातु टेकतां कामा नये. मध्यें तेलाचा पडदा असतो आणि त्याची फट मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे केंसाच्या जाडीहूनही कमी असते. ती फार कमी झाली तर तेल शिरत नाहीं, फार वाढली तर तेल टिकत नाहीं. म्हणून चांगला तेलपंप, आणि मोजमापांत विलक्षण धीर, हे दोन्ही लागतात. शिवाय चारही पिस्टन व चारही रॉड एकमेकांशीं तोलून एखाद्या ग्रॅमच्या आंत सारखे करावे लागतात.

आतां ठोकळा. रोशे ह्यांच्या मंडळीविषयीं सर्वांत प्रसिद्ध झालेली गोष्ट ही कीं, त्यांनीं शर्यतीच्या इंजिनांसाठीं आरंभीं कोरे ठोकळे न घेतां लाखभर किलोमीटर चाललेल्या जुन्या गाड्यांचे ठोकळे पसंत केले. ऐकणारास ही काटकसर वाटेल. पण कारण शास्त्रीय आहे. ओतीव बीड निवतांना जाड भाग सावकाश आणि पातळ भाग लवकर निवतो, व त्या विषमतेनें धातूच्या आंत ताण अडकून राहतो. कोऱ्या ठोकळ्यास कितीही अचूक कातलें तरी पुढें तो ताण सुटत असतां सिलिंडर किंचित् वांकडे होतात. हजारों वेळां तापून निवालेल्या जुन्या ठोकळ्यांत जें सुटावयाचें तें सुटून गेलेलें असतें. तो मुरलेला असतो. जुन्या वाड्याचें सागवान सुतार जपून कां ठेवतो, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्याचें आश्चर्य वाटणार नाहीं. नव्या ठोकळ्यासही भट्टींत सुमारें साडेपांचशें अंशांपर्यंत तापवून व सावकाश निववून हें मुरलेपण पुष्कळ अंशीं देतां येतें.

ह्याखेरीज सिलिंडर कातण्यापूर्वीं ठोकळ्यावर एक जाड पोलादी पाट बोल्टांनीं आवळतात. कारण वर हेड आवळलें कीं भोंकांचा आकार सूक्ष्म बदलतो. आवळलेल्या स्थितींत कातलें तरच तीं पुढें गोल राहतात. हेडचे बोल्ट, मधलें गॅस्केट, व्हॉल्व्हांच्या स्प्रिंगा, ह्या साऱ्यांस हीच दृष्टि लागू आहे. एकच दुबळा भाग राहिला तर तो जाणार, आणि जातांना शेजारच्या चार बळकट भागांसही घेऊन जाणार.

यशाची आणि अतिरेकाची गोष्ट

इतकें करूनही यश एकदम आलें नाहीं. हें इंजिन १९८२ च्या जानेवारींत दक्षिण आफ्रिकेंतील क्यालामी येथें ब्रॅबहॅम गाडींतून प्रथम धांवलें. जूनच्या आरंभीं डेट्रॉइट येथें तर इंजिनाच्या दुखण्यामुळें नेल्सन पिके ह्या नामांकित चालकास शर्यतींत उभें राहण्याइतकीही वेळ नोंदवितां आली नाहीं. पुढच्याच रविवारीं, १३ जून रोजीं, माँट्रियल येथें तोच पिके पहिला आला! मध्यंतरीं आणि पुढें जें साधलें तें नुसत्या धातूच्या बळावर साधलें नाहीं. बॉश कारखान्याच्या गणकयंत्रानें इंधनाचें माप क्षणोक्षणीं ठरविलें, आणि अवेळीं भडकणार नाहीं असें टोल्युइनयुक्त इंधन रसायनशास्त्रज्ञांनीं करून दिलें. १५ ऑक्टोबर १९८३ रोजीं क्यालामी येथेंच पिके जगज्जेता ठरला. पहिल्या शर्यतीपासून हा ६३० वा दिवस. टर्बो इंजिनावर मिळालेलें हें पहिलें चालक-विजेतेपद होय. ८० अश्वबळाच्या गाडीचा ठोकळा आतां सहाशेंहून अधिक अश्वबळ सोसत होता.

आणि मग अतिरेकाचा काळ आला. १९८६ पर्यंत शर्यतीपूर्वींच्या चांचणींत हवेचा दाब वातावरणाच्या पांचपटींहून अधिक चढवूं लागले. शक्ति तेराशें अश्वबळाच्या घरांत गेली असें सांगतात; नक्की आंकडा कोणासच देतां येत नाहीं, कारण कारखान्यांतील मापकयंत्र १२८० च्या पुढें मोजूं शकत नव्हतें. परंतु असें इंजिन जगे किती? मोजके कांहीं फेरे. त्यानंतर तें उतरवून शर्यतीसाठीं दुसरें चढवीत. उत्तम धातु, उत्तम कारागीर आणि अपार पैसा असूनही निसर्गाशीं केलेला करार मोडतां आला नाहीं. शक्ति वाढली तसें आयुष्य घटलें. घरची गाडी मात्र दहा-पंधरा वर्षें चालावी अशी आपली अपेक्षा असते. तरुणांनीं ह्या हकीकतींतील जगज्जेतेपद जसें लक्षांत ठेवावें, तशी ही चार फेऱ्यांची आयुर्मर्यादाही ठेवावी.

आपल्या घरापुरता विचार

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. घरच्या गाडीचें इंजिन असें बलवान् करावें काय?

पहिली गोष्ट कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्यानें ठरविलेल्या तपशिलाशीं जुळणार नाहीं असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें बेकायदा फेरफारास, दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेविल्या आहेत. विमा-कंपनीस न कळवितां असा फेरफार केला तर अपघाताच्या वेळीं भरपाईवरून तंटा उभा राहण्याचा संभव असतो, तो निराळाच. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. इंजिनाचा जोर वाढला म्हणून ब्रेकांचा जोर वाढत नाहीं. वेग दुप्पट झाला कीं थांबवितांना ब्रेकांस चौपट शक्ति जिरवावी लागते. क्लच, गिअर-बॉक्स, टायर आणि पाणी थंड करणारी यंत्रणा हींही जुन्याच जोराच्या हिशेबानें बनविलेलीं असतात. ज्या गाडींत आजी, मुलें आणि सुना बसावयाच्या, तिच्या बाबतींत 'इंजिन तेवढें बदललें' हें उत्तर पुरेसें नाहीं. तिसरी गोष्ट खर्चाची, आणि ती वरील यादी वाचणारास वेगळी सांगावयास नको.

बहुतेक वेळां तरुणास जी शक्ति हवी असते ती गाडींत मूळचीच असते. वयानें ती हरवलेली असते. जुनें इंजिन उघडून झिजलेल्या रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह नीट बसविले आणि सिलिंडर मोजून तपासले, तर कारखान्यांतून निघाली त्या वेळचा जोर बहुतांशीं परत येतो. तो कायद्यास मंजूर आहे, ब्रेकांस पेलतो, आणि खिशासही परवडतो. ज्यांस शर्यतीचीच हौस आहे त्यांच्यासाठीं चेन्नईजवळ आणि कोईमतूर येथें बंदिस्त धांवपट्ट्या आहेत. त्यांनीं शर्यतीची गाडी निराळी ठेवावी आणि रस्त्यावरची निराळी.

असें असूनही वडील मंडळींनीं ह्या हौशीस सरसकट पोरखेळ समजूं नये, असें आम्हांस आवर्जून सांगावेंसें वाटतें. मुलास भंगारांतलें एखादें जुनें इंजिन आणून द्यावें, परसांत चार हात जागा द्यावी, आणि चांगला मायक्रोमीटर घेऊन द्यावा. त्यानें तें सुटें करावें, प्रत्येक भाग मोजून वहींत टिपावा, पुन्हां जुळवून चालू करून दाखवावें. मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्यासाठीं दिवसभर खपण्याची संवय ज्यास लागली, तो कोणत्याही इंजिनास नवा भाता जोडण्यापूर्वीं 'हा जोर सोसणार कोण?' असें आपण होऊन विचारील. तें विचारूं लागला म्हणजे घरची किल्ली त्याच्या हातीं देण्यास वडिलांनीं हरकत घेऊं नये.